तांबड्या भोपळ्याच्या पाकिटात दुधी: लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : परसबाग संचात तांबड्या भोपळ्याऐवजी दुधीचं बी निघाल्याबद्दल, आणि ते मान्य न केल्याबद्दल

महोदय,

आत्ताच तुमच्या केंद्राशी बोलून फोन ठेवला. माझी तक्रार 'समाधानकारकरीत्या निकाली' निघाल्याचा मेसेज मी बोलत असतानाच येऊन पडला होता. सोबत पाच तारे द्यायची विनंती. तारे राहू द्या, हे पत्र घ्या.

संच तुमचाच आहे, वर्णन करत बसत नाही. पाकिटावर तांबडा, चपटा, फाकी पडलेला भोपळा छापलाय. मृगात बी टोकलं. उगवण चांगली झाली, त्याबद्दल तक्रार नाही. कोवळ्या पानांवर लाल भुंगेरे आले, पहाटे दव असताना राख धुरळली. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. बॅरलमधलं वेलाचं पाणी मी आधी काढून ठेवायचो आणि त्यावरून घरात बोलणी खायचो. एवढं सगळं करून वेलाला आला दुधी.

पहिला फोन मी बी बघूनच केला होता. भोपळ्याचं बी पांढरट, चपटं, कडेला काठ असलेलं. तुमचं लांबुळकं आणि एका टोकाला छाटल्यासारखं. वर गुलाबी औषध चोळलं होतं, तरी आकार काही लपत नव्हता. तुमच्या मॅडम म्हणाल्या, "सुधारित वाण आहे सर, असंच दिसतं." पुढे पानं आली ती मऊ, मखमली. भोपळ्याचं पान हाताला खरखरीत लागतं. मोहोळ तालुक्यात आमच्या बांधावर वर्षानुवर्षं भोपळ्याचे वेल होते, मला पान शिकवू नका. तेव्हाही फोन केला. उत्तर तेच, सुधारित वाण.

मग फुलं आली. पांढरी. आणि उमलायची दिवस मावळताना. तुमच्याच माहितीपत्रकात लिहिलंय की भोपळ्याचं फूल मोठं, पिवळं असतं, पहाटे उमलतं, आधी नर फुलं येतात, मादी फुलाच्या देठाशी बारीक गाठीसारखं फळ असतं, आणि मधमाश्या कमी असतील तर सकाळीच नर फूल खुडून मादी फुलावर फिरवावं. अगदी बरोबर लिहिलंय. ज्यानं लिहिलं त्याला भोपळा माहीत आहे. तो माणूस फोनवर का बसत नाही?

कारण फोनवर जे बसलेत त्यांच्याशी आज झालेलं संभाषण असं :

मी म्हणालो, फुलं पांढरी आहेत.
"काका, सुरुवातीला पांढरीच असतात. नंतर पिवळी होतात."
भोपळ्याचं फूल रंग बदलतं?
"हायब्रिड आहे ना, काका."
पाकिटावर 'देशी वाण' छापलंय, हे मी वाचून दाखवलं. त्यावर बराच वेळ गाणं ऐकवलं. मग त्यांचे वरिष्ठ आले. त्यांनी लॉट क्रमांक मागितला. तो तुम्ही नेमका त्या पट्टीवर छापता जी पाकीट उघडताना फाटते. पण मी एस.टी.च्या हिशेब खात्यात जन्म काढला आहे, फाटलेली पट्टीही जपून ठेवतो. क्रमांक सांगितला. ते जरा गप्प झाले. मग विचारलं, "फळ लांबट आलंय का?" हो म्हटलं, लांबट, फिकट हिरवं, अंगावर लव. तर म्हणाले, "पाणी कमी पडलं असणार. सोलापूरला पाण्याचा प्रॉब्लेम आहे ना."

म्हणजे पाणी कमी पडलं की भोपळ्याचा दुधी होतो! या हिशेबानं आमच्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात आंब्याला चिंचा लागायला हव्यात. आमच्या गावाच्या पाण्याबद्दल आम्ही वाट्टेल ते बोलू. तुम्ही बी चुकीचं भरायचं आणि खापर उजनी धरणावर फोडायचं, हे नाही चालणार.

हे मी त्यांना शांतपणेच सांगितलं. त्यावर उत्तर, शब्द जसेच्या तसे : "काका, दुधी तब्येतीला चांगला. या वयात भोपळ्यापेक्षा बरा." आणि वर संचासोबतच्या खताची आणखी एक बाटली मागवायचा सल्ला, 'फुलांचा रंग सुधारेल' म्हणून. ते वेलाला नत्राचं खत आहे. जास्त झालं तर वेल नुसता पाल्यावर जातो आणि मादी फुलं कमी धरतात, हेही तुमच्याच पत्रकात आहे. विकणाऱ्यानं निदान स्वतःचा कागद वाचावा.

माझं वय मी तक्रारीत लिहिलं नव्हतं. भोपळा पाहिजे होता, आहारतज्ज्ञ नको होता.

तुम्हाला वाटेल, एका भाजीच्या जागी दुसरी आली, बिघडलं काय? बिघडलं असं की भोपळ्याचा वेल म्हणून मी तो जमिनीवर पसरू दिला, मागचं सगळं परस त्याला मोकळं केलं. दुधी आहे हे वेळेवर कळलं असतं तर मांडव घातला असता. आता दुधी मातीला टेकून वाकडे झालेत, काही कुजले. भोपळा देठासकट उतरवला तर महिनोन्‌महिने टिकतो, दुधी कोवळाच काढावा लागतो आणि लगेच संपवावा लागतो. पितृपक्ष तोंडावर आलाय, आमच्याकडे ताटात तांबड्या भोपळ्याची भाजी लागते. घारग्यांचं तर नावच काढू नका. लक्ष्मी मंडईतून विकत आणणार आहे, आणणारच, पण मग तुमचा संच कशाला घेतला होता?

'बदली पाकीट पाठवतो' हे औदार्य नको. आत्ता लावलेला वेल ऐन थंडीत अडकतो. उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत. गेलेला हंगाम तुमच्या पाकिटात बसत नाही.

मला संचाची पूर्ण रक्कम परत हवी, आणि या लॉटमध्ये दुधीचं बी गेलं होतं हे लेखी हवं. हाच लॉट आणखी किती परसांत पांढरा फुलला असेल देव जाणे. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, सगळं बी मी तुमचंच घेत आलो. जुळे सोलापुरात आमच्या अख्ख्या कॉलनीला तुमचं नाव मीच सुचवलं होतं. आता तेच लोक येता-जाता विचारतात, "काय, भोपळा पिकला का?"

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो तिथंच दावा दाखल करता येतो, आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. कृषी विभागाच्या बियाणे निरीक्षकालाही प्रत देणार आहे. पाकिटावर एक आणि आत दुसरं, याला 1966 च्या बियाणे कायद्यात काय म्हणतात ते त्यांनीच तुम्हाला समजावून सांगावं, माझ्याच्यानं आता बोलणं होत नाही.

पाकीट, फाटलेली पट्टी, पावती आणि फुलांचे फोटो सोबत जोडले आहेत. फोटो संध्याकाळचे आहेत. खात्री करायला माणूस पाठवणार असाल तर त्यालाही त्याच वेळेला पाठवा, सकाळी ती फुलं मिटलेली असतात आणि तो 'फुलंच नाहीत' असा शेरा मारून जाईल.

फोन करू नका. 'काका' तर अजिबात म्हणू नका.

आपला एक जुना ग्राहक,
जुळे सोलापूर