पाट वाहता करायला हात द्या : फडाच्या पंच कमिटीचे आवाहन

साक्री तालुक्यातल्या पांझराकाठच्या बागायतदारांना, माहेरवाशिणींना आणि पोटापाण्यासाठी सुरत-नाशिक-पुण्याला गेलेल्या भावांना रामराम.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की लगेच बंधाऱ्यामागचा गाळ काढायचा आणि मृगाआधी पाट मोकळा करायचा, असं बैठकीत ठरलं आहे.

पाणीवाटणीची आपली फड पद्धत ३०० वर्षांहून जुनी. नदीवर दगड-चुन्याचा बंधारा, तिथून उताराने पाट. ना मोटार, ना वीज. शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असलं तर एखादा फड त्या साली भिजवायचा नाही. तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी यायची, एकटा कुणी बुडायचा नाही. पाटकरी पाणी फिरवी, जगल्या पीक राखी, खळ्यावर त्यांना धान्य मिळे. याहून न्यायाची पाणीवाटणी आम्हाला तरी ठाऊक नाही.

पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, शिवारात विहिरी-मोटारी वाढल्या आणि ज्याचं बोअर खोल त्याचंच पाणी, असं होऊन बसलं. पाटात आता वेडी बाभूळ उभी आहे. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, आणि दहावी झालेली पोरं सुरतेची गाडी धरतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

हे उलटवता येतं. आपल्याच तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं, पाणी अडवलं; त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या खान्देशाला आनंद झाला.

आम्हाला हवं आहे ते असं : ट्रॅक्टर-ट्रॉली, डिझेल, फुटलेल्या सांडव्यासाठी दगड-सिमेंट. बाहेरगावच्या भावांनी एका दिवसाचं डिझेल दिलं तरी मोठं काम होईल. गाळ फुकट न्या, हलक्या रानात पसरा. पुढची काही वर्षं रासायनिक खताची गोणी कमी लागेल. ज्यांच्याकडे घरची दादर ज्वारी किंवा गावरान तुरीचं बियाणं आहे, त्यांनी पायलीभर द्यावं. पाणी आलं की पहिल्या फडात तेच पेरू.

पैशाची पावती मिळेल, जमाखर्च दर रविवारी मारुतीच्या पारावर फळ्यावर लिहिला जाईल.

पाट सुटला की पोरं ओरडत पळायची, ‘पाटले पानी उनं!’ (पाटाला पाणी आलं!) आम्हाला ते पुन्हा ऐकायचं आहे.

आखाजीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी ६ वाजता बंधाऱ्यावर या. फावडं-टोपली आणा. कळण्याची भाकरी आणि ठेचा गावाकडून.