उद्यानातले फ्लडलाइट रात्री दहाला बंद व्हावेत: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून महापालिकेचं उद्यान आहे. त्याच्या एका कोपऱ्यात जाळी लावून बॉक्स क्रिकेटचं टर्फ झालं आणि उंच खांबांवर एलईडी फ्लडलाइट आले. उद्यान नऊला बंद होतं, टर्फचं बुकिंग मात्र मध्यरात्रीपर्यंत चालतं. बॅटचा ठोका, आरडाओरडा, ब्लूटूथ स्पीकर आणि खेळ संपल्यावर फाटकाशी रेस होणाऱ्या बाइक. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जाड पडदा लावूनही डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपतात. फ्लडलाइटजवळच्या बकुळीवर मुक्कामाला येणारे कावळे अपरात्री ओरडत उठतात.

आवाजासाठी निदान कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ११२ वर फोन केला की पोलीस येतात, विचारतात, "लाऊडस्पीकर कुठे आहे?" मुलं खेळताहेत एवढंच दिसतं, मोजायला यंत्र नसतं. गाडी वळली की पुन्हा सुरू. मर्यादा फक्त भोंग्यांना नाही, कुठल्याही आवाजाला आहे, हे आपल्या खात्याने पोलीस ठाण्यांना आणि महापालिकांना लेखी कळवावं.

प्रकाशाला तर अशी मर्यादाच नाही. घरात शिरणाऱ्या उजेडाची तक्रार कुठे करायची, हेच ठरलेलं नाही. झाडांना गुंडाळलेल्या रोषणाईच्या माळांविरुद्ध लोकांना २०२४ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. आणि त्याच वर्षी आपल्याच राज्यातलं पेंचचं वाघांचं जंगल भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक काळोख जपणारं क्षेत्र, ठरलं! तिथल्या गावांत दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. वाघांच्या जंगलाशेजारी जे जमलं, ते माणसांच्या वस्तीत का जमू नये?

उद्यान अंधारात बुडवा, असं आम्ही म्हणत नाही. उशिरा कामावरून परतणाऱ्या बायका त्याच्या कडेच्या वाटेने येतात, आमच्या मुलीही येतात. त्यांना उजेड हवाच. म्हणून खरी गोष्ट वायरिंगची आहे. बहुतेक ठिकाणी टर्फ, कारंजं आणि पायवाट एकाच स्विचवर असतात. सगळं चालू किंवा सगळं बंद. मैदानाचे दिवे वेगळ्या सर्किटवर घेऊन त्याला टायमर लावा, दहाला आपोआप बंद. पायवाटेचे दिवे बुटक्या खांबांवर, वरून झाकलेले, पिवळसर, ३००० केल्विनपर्यंतचे असावेत. पांढऱ्या एलईडीतल्या निळ्या प्रकाशाने झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दबतं, ही आता नवी माहिती राहिलेली नाही.

फ्लडलाइट विझले की खेळ थांबतो, खेळ थांबला की आवाज. रोज रात्री पोलिसांना बोलावण्यापेक्षा एक टायमर स्वस्त पडेल. त्यामुळे टर्फच्या करारातच दहाची वेळ लिहिलेली असावी, आणि ती मोडली तर ठेकेदाराची अनामत जप्त व्हावी. खेळणाऱ्या मुलांवर आमचा राग नाही. त्यांना शहरात मैदानं उरली नाहीत, म्हणूनच ती पैसे मोजून रात्री खेळतात. संध्याकाळचे तास त्यांना स्वस्तात द्या.

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते. त्याआधी निदान दहाच्या टायमरचं परिपत्रक सर्व महापालिकांना जावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
उद्यानालगतची एक रहिवासी