आजोबांचं ‘पिस्तूल’ आणि 42 चा आकडा

आदरणीय काका,

त्या दिवशी आजोबांचं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं चामडी म्यान, पारखून दिल्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. कटिंग चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत. म्हणून हे पत्र, आणि ते चारचौघांत, कारण गोखले रोडलगतच्या त्या गल्लीतून रोज शेकडो ठाणेकर तुमच्या टपरीकडे न बघता स्टेशन गाठतात. मीही त्यातलाच.

त्या होल्स्टरला आमच्या घरात ‘दादांचं पिस्तूल’ म्हणायचे. खरं पिस्तूल कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या चामड्यावर 42 एवढंच दिसायचं, बाकी काळा चिकट थर. दादा तेव्हा विशीतले. मग काय, ते बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते हे घरात ठरूनच गेलं. पंधरा ऑगस्टच्या भाषणात मी ते शाळेत ठोकूनही दिलंय.

तुमच्याआधी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दाखवलं होतं. मालकाने ते हातातही न घेता ‘ब्रिटिश आहे, वेबली रिव्हॉल्व्हरचं’ असं सांगितलं आणि लगेच विकत मागितलं. तुम्ही आधी वास घेतलात आणि मला झापलंत. ‘खोबरेल चोपडलंस? ठाण्याच्या पावसाळ्यात? वर प्लास्टिकच्या पिशवीत? बुरशीला जेवायलाच बोलावलंस की!’

मग टपरीतला दिवा मालवून मोबाईलची बॅटरी चामड्याला जवळजवळ टेकवून आडवी धरलीत. वरून उजेड टाकला की सगळं सपाट काळं. आडव्या उजेडात मात्र प्रत्येक खळग्याला सावली आली. दाढीच्या जुन्या ब्रशने मळ झाडत एकेक अक्षर वर काढलंत. बी, ओ, वाय, टी. खाली 42.

बॉइट. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली कंपनी, मूळ धंदा घोड्यांच्या साजाचा, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी चामड्याचं काम. ‘रिव्हॉल्व्हरला गोळ्यांचा गोल ड्रम असतो, म्हणून त्याच्या होल्स्टरला पोट सुटतं. हे बघ, सडपातळ. पिस्तुलाचं आहे, कोल्टच्या पॉइंट फोर फाइव्हचं, 1911 मॉडेलचं.’ ब्रिटिश सरकारी माल असता तर कुठेतरी बाणाचा शिक्का असता, तो नव्हता. मागे कॅनव्हासच्या पट्ट्यात अडकवायचा तारेचा हूक होता. आणि झाकणावर लंबगोलात ‘यूएस’ उठवलेलं होतं, ते आम्ही इतकी वर्षं पाहत होतोच. मामा त्याला ‘उल्हासनगर’ म्हणून हसायचा (उल्हासनगरच्या नकली मालावर ‘यूएसए’ छापतात, ही जुनी थट्टा). सिनेमाला गणवेश भाड्याने देणाऱ्या ड्रेसवाल्याकडे चाळीस वर्षं शिलाई केलेल्या माणसाला हे सगळं पाठ असणार, पण मला तेव्हा ते जादूसारखं वाटलं.

‘42 म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्याचं साल,’ हे सांगताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी भूमिगत आजोबांची गोष्ट दहा मिनिटांपूर्वीच रंगवून सांगितली होती ना! दुसऱ्या कुणी माझं मन राखायला ‘असेलही तसं’ म्हटलं असतं. तुम्ही माझं बोट धरून आत घातलंत. ‘लागतंय? पिस्तुलाचा ठसा असा दुहेरी नसतो.’

घरी येऊन आत्याला फोन केला. ती म्हणाली, ‘अरे, दादा कल्याणच्या लोको शेडला फिटर नव्हते का? ते त्यांनी कॅम्पातून आणलं होतं, भंगारवाल्याकडून, तीन रुपयांना. आई किती ओरडली होती!’ कॅम्प म्हणजे युद्धकाळातला कल्याणचा लष्करी तळ, 1949 साली ज्याचं उल्हासनगर झालं. म्हणजे मामा अगदीच चुकला नव्हता.

तेल पुसून काढलंय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, सुती कापडात गुंडाळून ठेवलंय. त्याआधी एक गोष्ट मात्र केली. दादांची जुनी पक्कड माळ्यावरच्या डब्यात होती. ती आत सोडून पाहिली. दोन्ही मुठी त्या दोन खळग्यांत अशा बसल्या की बाहेर काढताना थोडा जोर लावावा लागला.

तुमचा,
नौपाड्यातला खोबरेलवाला