सोहमच्या डोळ्यांविषयी

पणजी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्याच्या सुटीत सोहमला वाळपईला पाठवायचे ठरले आहे. या खेपेस त्याच्याबरोबर औषधांची पिशवीही येणार असल्याने फोनवर तुटक सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिते आहे.

त्याचे साधे 'डोळे आलेले' नाहीत. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, तेव्हा मामेभावंडांनी त्याच्याशेजारी झोपायला काहीच हरकत नाही. डॉक्टर याला व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस म्हणतात. ही लहान वयात, विशेषतः मुलग्यांना होणारी आणि बहुधा उन्हाळ्यात बळावणारी डोळ्यांची तीव्र ॲलर्जी आहे. तिच्यामुळे त्याच्या वरच्या पापणीच्या आतल्या बाजूस फरसबंदीसारखे टणक उंचवटे आले आहेत. डोळ्याच्या प्रत्येक उघडझापीला ते बुबुळावर घासत राहिले, आणि इओसिनोफिल नावाच्या पेशींतून पाझरणाऱ्या विषारी प्रथिनांनी बुबुळावरचा नाजूक थर आणखी खराब केला. या दोहोंमुळे बुबुळाच्या वरच्या भागात लंबगोल जखम झाली. तिलाच शील्ड अल्सर म्हणतात.

बाबा, डोळ्यात जखम असताना स्टेरॉइड कसे घालायचे, ही तुमची शंका रास्त आहे. जखम बुरशीमुळे किंवा हर्पिसच्या विषाणूमुळे झालेली असेल, तर स्टेरॉइडने ती चिघळू शकते. सोहमच्या जखमेचे मूळ मात्र ॲलर्जीच्या दाहात आहे आणि तो दाह शमल्याखेरीज ती भरून येत नाही. सोबतचे अँटिबायोटिकचे थेंब केवळ उघड्या जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून आहेत. स्टेरॉइड फार काळ चालू राहिले तर मात्र डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूचेही भय असते. तुम्ही स्वतः काचबिंदूचे थेंब घालता, तेव्हा याविषयी मी अधिक काय सांगावे! म्हणूनच डॉक्टर स्टेरॉइडची मात्रा हळूहळू उतरवत आहेत आणि पुढे आजार आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी टॅक्रोलिमसचे ०.०३ टक्के मलम दिले आहे. मलमाने सुरुवातीला चुरचुरते. तो कुरकुर करील, पण ते चुकवू नये. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि मलम सर्वांत शेवटी लावावे. लाली पुन्हा दिसली तरी फार्मसीतून स्टेरॉइडची नवी बाटली परस्पर आणू नये. ती कित्येकदा चिठ्ठीवाचून मिळते, ही सोय नव्हे, आपत्ती आहे.

जखमेच्या तळाशी पांढरट थर साचून घट्ट झाला असता, तर नुसत्या औषधांवर भागले नसते. तेव्हा भूल देऊन तो थर खरवडून काढावा लागतो, आणि काही वेळा प्रसूतीनंतरच्या वारेपासून मिळवलेला पातळ पडदा जखमेवर बसवतात. सोहमवर ती वेळ आली नाही. तरीही डोळ्यात फूल पडून नजर अधू होण्याचा धोका या आजारात असतो, आणि सतत चोळल्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ शकते. त्यामुळे खाज सुटली की त्याला डोळे चोळू न देता गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल बंद पापण्यांवर ठेवावा. काजूच्या बागायतीत जायला माझी ना नाही, पण टोपी आणि गॉगल हवाच, आणि बोंडू हाताळल्यावर हात साबणाने धुवायला हवेत.

आई, गुलाबपाणी, मध, हळदीचे पाणी यांतले काहीही त्याच्या डोळ्यात घालू नकोस, ही कळकळीची विनंती. दृष्ट काढायची असेल तर अवश्य काढ, फक्त मिरच्यांचा धूर त्याच्यापासून दूर असू दे. बहुतेक मुलांत हा आजार वयात येण्याच्या सुमारास ओसरतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तोवर दर उन्हाळ्यात आपल्याला जपावे लागेल.

उजेडाकडे बघवेनासे झाले, डोळा दुखू लागला किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर रविवार आहे म्हणून थांबू नका. मला फोन करून त्याला थेट बांबोळीच्या इस्पितळात घेऊन या. मी पणजीहून तिथे पोहोचेन.

आपली लेक,
मेधा