डब्यावर 14 लिहिणाऱ्या मेसमधल्या ताईंना

ताई,

मुलगा हे पत्र तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवेल आणि मधला कडू भाग गाळेल, मला माहीत आहे. म्हणून तो मी इथे मराठीत नीट लिहून ठेवते.

दोन वर्षं तो तुमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमकडून गार्ड म्हणून खेळला. खेळला म्हणजे काय, सामना हातातून गेला की शेवटचं मिनिट-दीड मिनिट. न्यू जर्सीच्या शाळेत पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, म्हणून नाव काढलेला पोरगा इथे वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिप नाही, आणि जागा स्काउट टीममध्ये. पुढच्या सामन्यात समोरचा गार्ड कसा खेळतो ते सरावात हुबेहूब करून दाखवायचं, आपल्या मोठ्या खेळाडूंना त्याला अडवायची सवय व्हावी म्हणून. दर आठवड्याला दुसऱ्या कुणासारखं तरी खेळायचं. तरी त्याची कुरकुर नव्हती, कारण हेड कोचनी माझ्यासमोर शब्द दिला होता, तिसऱ्या वर्षी स्कॉलरशिप देतो म्हणून.

सीझन संपला आणि पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू जिथे नाव नोंदवतात त्या यादीतून, दोन तयार गार्ड आले. त्याला हे इन्स्टाग्रामवर कळलं. कोचच्या ऑफिसात गेला तर साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्येच.

पोर्टलला मी नावं ठेवत नाही. 2021 पासून वर्षभर बाहेर न बसता दुसऱ्या कॉलेजकडून खेळता येतं, त्याचा फायदा शेवटी यालाही झालाच. वॉल्टर क्लेटन ज्युनियर हा गार्ड आयोना या लहान कॉलेजातून फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत गेला आणि 2025 मध्ये त्याच फ्लोरिडाला त्यानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, ही गोष्ट आमच्या घरात भिंतींनाही पाठ झालीय. माझा राग तोंडावर न सांगण्याचा आहे. लाखो डॉलर पगार घेणाऱ्या माणसाला एका एकोणीस वर्षांच्या पोराला समोर बसवून "जमणार नाही रे" एवढं म्हणता येऊ नये?

त्यानं पोर्टलमध्ये नाव टाकलं आणि त्याच संध्याकाळी टीमच्या ग्रुपमधून त्याला काढलं. टीमचं जेवणही बंद. वॉक-ऑन पोरांना ते जेवण मिळायला लागलं 2014 नंतर. त्या वर्षी कनेक्टिकट युनिव्हर्सिटीचा गार्ड शबाझ नेपियर पत्रकारांसमोर बोलून गेला की काही रात्री आपण उपाशी झोपतो, आणि त्याच महिन्यात कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएनं जेवणाचे नियम सैल केले. कागदावर बरोबरच आहे, टीममध्ये नाही तर जेवण नाही.

आणि तुम्ही! बाहेरगावचा सामना खेळून टीम मध्यरात्री परतायची, तेव्हा तुम्ही प्रत्येकाच्या जर्सीचा नंबर मार्करनं लिहून डबे ठेवायच्या. टीममधून बाहेर पडल्यावर तो पहिल्यांदा मेसमध्ये आला तो पैसे भरून जेवायला, मान खाली घालून. तुम्ही काउंटरखालून डबा काढलात. वर 14. आत भात, राजमा, चिकन आणि कोपऱ्यात लिंबाची फोड. हा सगळ्यावर लिंबू पिळतो हे तुम्ही कधी पाहून ठेवलंत? बोलला काहीच नाहीत, पुढच्या पोराला वाढायला लागलात. सेमिस्टर संपेपर्यंत तो डबा चुकला नाही.

रात्री त्यानं मला त्या डब्याचा फोटो पाठवला, खाली एक शब्दही नाही. किती दिवसांनी मी शांत झोपले. हजारो मैलांवर पोर असलं की आईचा जीव "जेवलास का" या एकाच प्रश्नात अडकलेला असतो, आणि ज्यांच्या पोस्टरवर "फॅमिली" छापलेलं असतं त्यांना तो कधी पडला नाही. अशी माणसं कुठल्याही स्टाफ लिस्टमध्ये सापडत नाहीत. मुंबईत मी होस्टेलला होते तेव्हाही मेसच्या मावशीच उशिरा येणाऱ्या मुलींची पोळी झाकून ठेवायच्या, रेक्टरबाईंना पत्ताही नसायचा.

नवं कॉलेज डिव्हिजन टूचं, म्हणजे एक पायरी खालच्या गटातलं आहे, लहान. पण तिथल्या कोचनी पहिल्याच फोनवर सांगितलं, सुरुवातीला बेंचवर बसशील. खरं बोलले, आम्हाला तेवढं पुरलं. नोव्हेंबरात सीझन सुरू होतोय. तुमच्या गावापासून गाडीनं फार लांब नाही. घरच्या पहिल्या सामन्याला त्यानं पास-लिस्टवर माझ्याआधी तुमचं नाव घातलंय, आणि सोबत एक जागा जास्तीची ठेवलीय. नातवाला घेऊन या.

तुमची,
14 नंबरची आई