आखाजीला येतोय, पोरांसाठी दुकानातून काही आणू नका

जळगाव,
८ एप्रिल

ती. आई आणि ती. नाना यांस,
बेबीचा साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं नाना म्हणतील. फोनवर मी दोनदा विषय काढून पाहिला. एकदा आई "बरं बरं" म्हणाली आणि पोरांकडे फोन दे म्हणाली. दुसऱ्यांदा मलाच भरून आलं, म्हणून मी ठेवून दिला. लिहिलं की मला नीट सांगता येतं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, यंदा चांगले पंधरा दिवस राहणार आहोत, त्याआधी हे तुमच्या हातात पडावं.

पार्थचं रक्त तपासलं हे तुम्हाला माहीत आहे, पण आकडा मी सांगितला नव्हता. जानेवारीत त्याचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. सहा वर्षांच्या मुलाला ते किमान ११.५ तरी हवं. शाळेतून आला की दप्तरासकट सोफ्यावर आडवा व्हायचा, खेळायला चल म्हटलं तर "पाय दुखतात" म्हणायचा, आणि मी समजायची की पोराला मोबाइलचा नाद लागलाय. डॉक्टर बाईंनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून मला दाखवली. आत लाली नव्हतीच, पांढुरकं होतं. मग विचारलं, सकाळी काय खातो? मी म्हटलं, चहा-टोस्ट. दुपारच्या डब्यात? बहुतेक वेळा बिस्किटं, नाहीतर जॅम-पोळी. रात्री? नूडल्स असतील तर नीट जेवतो. आई, हे माझ्याच तोंडून एकामागून एक बाहेर येत होतं आणि मला जमीन दुभंगावी असं झालं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चहा आधी बंद करा, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळपास ६९ मुलांना रक्त कमी आढळलं होतं. रक्त कमी असणं म्हणजे सातपुड्यातल्या पाड्यांवरची गोष्ट, असं मी धरून चालले होते. माझ्या घरात तर फ्रिज भरलेला होता.

आता दिवाळीतली गोष्ट. तुला आठवते का बघ. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकत होतीस. पार्थ चुलीपाशी उकिडवा बसून बघत होता. तू पहिली भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी केलीस, ती टम्म फुगली, तसा तो टाळ्या वाजवायला लागला. मग ताटात पडल्यावर म्हणाला, "ही काळी का आहे?" एवढंच. नको म्हणाला नव्हता आई, फक्त विचारलं होतं. तू ताट उचललंस आणि म्हणालीस, "शहरनं पोर शे ते, त्याले कळनानी भाकर कशी चाली?" आणि नानांना दुकानात पाठवून नूडल्सचं पाकीट मागवलंस. मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले. ती माझी चूक.

त्या वाक्यामागे काय होतं हे मला नंतर उमजलं. १९७२ च्या दुष्काळात तू दहा वर्षांची होतीस. रेशनची लाल मिलो ज्वारी दळून आणायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, हे तू आम्हाला किती वेळा सांगितलंस. गव्हाची पोळी म्हणजे सण, नाहीतर पाहुणा. त्यामुळे ज्याच्यावर जीव आहे त्याच्या ताटात पांढरं, मऊ, विकतचं काहीतरी पडलं पाहिजे, असं तुझ्या मनाने पक्कं धरलंय. नातू आला आणि त्याला भाकरी वाढली, तर तुला वाटतं आपण काही केलंच नाही. पण आई, ज्वारीत चौथाईला उडीद घालून, मीठ टाकून तू जे कळण्याचं पीठ दळतेस त्याबद्दल डॉक्टर बाई काय म्हणाल्या ऐक. धान्याच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते धान्यात, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ले की पोराच्या अंगाला ते पुरं लागतं. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे कळणा करत नाहीत का आता?" मी काय सांगणार? घरात ज्वारीचं पीठच नव्हतं.

त्या दिवसापासून सुरू केलं. खोटं सांगत नाही, सोपं गेलं नाही. पहिल्या दिवशी त्याने घास थुंकला. दुसऱ्या दिवशी हात लावला नाही. नवीन चव मुलाच्या जिभेला ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती ताटात यावी लागते, हे मला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी धीर धरला. रोज ताटात चतकोर ठेवायची, बोलायचं काही नाही. नवव्या की दहाव्या वेळी मी पीठ मळत होते, तर तो येऊन म्हणाला, मला दे. लिंबाएवढा उंडा दिला. परातीत पिठावर तो थापायला लागला, कडा फाटल्या, वाटीएवढी वेडीवाकडी भाकरी झाली. तव्यावर टाकली, पाण्याचा हात त्यानेच फिरवला. गरम भाकरीवर लोणी घातलं आणि त्याने ती उभ्या उभ्या संपवली. वर म्हणाला, "आई, ही फुगली नाही, पण आजीची फुगते." मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

आता रोज संध्याकाळी भाकरी असते. पोकळा, मेथी, अंबाडी यातलं एक काहीतरी, वर लिंबू पिळायचं, कारण आंबटामुळे पालेभाजीतलं लोह चांगलं लागतं. डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी त्याला फार आवडायला लागली. भरीत करताना वांगी भाजली की मिरच्या घालायच्या आधी दोघांपुरतं बाजूला काढते, त्यात कांद्याची पात आणि शेंगदाण्याचा कूट. लोहाचं औषध तीन महिने दिलं, परवा तपासलं तर ११.३ आलं. औषधाने चढलं हे खरं, पण औषध जन्मभर द्यायचं नाही, टिकवायचं ताटातूनच आहे.

नाना, आता तुमच्याशी. तुम्ही संध्याकाळी पार्थला फाट्यावर घेऊन जाता, ते बंद करू नका. त्याच्यासाठी ती दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट असते. तुमचा हात धरून, बांधावरून, ट्रॅक्टर मोजत मोजत. फक्त तिथून वेफरचं पाकीट आणि थंड्याची बाटली नको. अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. मी पार्थच्या समोर पेल्यात पाणी घेऊन सहा चमचे साखर मोजून टाकली आणि पी म्हटलं. दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं करून म्हणाला, हे तर पाकासारखं आहे. एवढ्या मुलाला दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत हवी, आणि इथे एका बाटलीतच दिवस संपतो. मग तो जेवायला बसतो आणि भूक नाही म्हणतो, आणि आईला वाटतं भाजी आवडली नाही.

तुम्ही का देता तेही मला कळतं. तुम्हाला शुगर निघाल्यापासून तुम्ही स्वतः गोडाला हात लावत नाही. नातू चवीने खातो ते बघून तुमचं समाधान होतं. नाना, तेच समाधान उसाच्या करव्याने मिळेल, कैरीच्या पन्ह्याने मिळेल. ४४ अंशांच्या उन्हात ताकासारखं दुसरं काही नाही. आणि केळी! २०१६ मध्ये जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते. आपल्या बागेतला घड पडवीत टांगलेला असतो आणि आपलाच नातू पाकिटातल्या केळीच्या चकत्या मागतो, हे मला बघवत नाही. त्याला बागेत न्या, फणी त्याच्या हाताने काढू द्या. स्वतः काढलेलं तो खातोच.

मनूचं वेगळं सांगते, कारण ती अडीच वर्षांची आहे. तिच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. दिवाळीत ओट्यावर बसून खाताना तिला ठसका लागला होता, वहिनीने पालथी धरून पाठ थोपटली म्हणून निभावलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. एवढ्या मुलांच्या श्वासनळीत दाणा जातो. कूट करून द्या, चटणी द्या, लाडू द्या. द्राक्षं उभी चिरून. उसाचा करवा तिला नको, तो पार्थला.

आणि आई, तिच्या मागे घास घेऊन धावू नको. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं मला फार पटलं. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे पोराने. मी हे वाचलं आणि मला आजीच आठवली. आजी ताट वाढायची, सगळे ओळीने बसायचे, ज्याला नको त्याने उठायचं, आणि पुढचं ताट वेळेवरच. मधे कोणी काही तोंडात टाकत नव्हतं, त्यामुळे पुढच्या जेवणाला भुकेने कासावीस होऊन सगळे बसायचे. मनू एका वेळी दोनच घास खाऊन उठली तर उठू दे. आणि जेवताना मोबाइल समोर नको, हे घरातल्या सगळ्यांनाच सांग.

बाहेर खायचं आम्ही सोडलेलं नाही. परवा धुळ्याला जाताना पारोळ्याच्या पुढे ढाब्यावर थांबलो. पूर्वी पोरं भुकेने रडायला लागली की हॉटेल दिसायचं, आणि मग जे पहिलं येईल ते, म्हणजे तळलेले बटाटे. आता घरून दशमी आणि केळी देऊन निघतो, तिथे पोचेपर्यंत पोटाला आधार असतो. शेवभाजी आम्ही मागवली, पोरांसाठी वेगळं काही नाही. बिनतडक्याचं वरण, भात, ज्वारीची भाकरी, दह्याची वाटी. शेव वेगळी मागून पार्थने वरणात घातली, मऊ झाली की खाल्ली. वाढप्याने आपणहून विचारलं, "मिरची कमी करू का ताई?" विचारलं की करून देतात, आपणच विचारत नाही. पाण्याची बाटली घरची, म्हणून थंड्याकडे कोणी पाहिलं नाही.

पार्थच्या शाळेसमोर मात्र माझं काही चालत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत खूप साखर, मीठ, तेल असलेलं काही विकू नये असा २०२० चा नियम आहे, आणि टपरी फाटकाला टेकूनच उभी आहे. पालकसभेत मी उठून बोलले. पुढचं पुढे.

आपल्याकडे आता लग्नाचे मुहूर्त आहेत, पंधरा दिवसांत तीन-चार पंगती तरी होतील. तिथे मी पोरांना अडवणार नाही. आधी वरण-बट्टी आणि भाजी, मग एक गोड, त्यांच्या आवडीचं, ते ठरवतील. कोणी मावशी-काकू कौतुकाने हातात आणखी काही देतील तेव्हा तुम्ही दोघं माझ्या बाजूने बोला, एवढं मागते. एकटी लेक बोलली की तिकडे तोंडं वाकडी होतात. आजी-आजोबा बोलले की सगळे ऐकतात.

आखाजीच्या दिवशी खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या सगळं कर, त्यात मी एक शब्द काढणार नाही. घागर भरून झाली की पोरांना पोटभर रस दे. सणाचं गोड सणाला खाल्लंच पाहिजे. कुरडया घालायच्या असतील तर आम्ही आल्यावर घाल. चीक खायची माझी इच्छा आहे, आणि वाटीतला गरम चीक तेल घालून कसा खातात हे मनूला तुझ्या हातून कळू दे.

शनिवारी दुपारच्या एस.टी.ने येतोय. नानांना फाट्यावर उन्हात उभं राहू देऊ नको, आम्ही रिक्षा करून येऊ. कळण्याचं पीठ जास्तीचं दळून ठेव, परतताना मला पाच किलो न्यायचं आहे, आणि भाकरी टाकायला बसशील तेव्हा पार्थसाठी एक लहान उंडा बाजूला काढून ठेव. त्याला फुगवायची कशी ते तुझ्याकडून शिकायचंय, मला येत नाही असं त्याने ठरवून टाकलंय.

तुमची,
बेबी

ता. क. नाना, पार्थ विचारतोय की सकाळी तुम्ही चहा घ्याल तेव्हा तो काय घेईल. मी सांगितलं, दूध. तुमच्यासारख्या पितळी पेल्यात हवं म्हणतोय. माळ्यावर माझा एक जुना पेला असेल, तेवढा घासून ठेवा.