लेख विकत घेण्याआधी एवढं करा

सर्वांना नमस्कार. काल आपल्यातल्या एका सदस्याने एकाच संशोधन-लेखासाठी साडेतीन हजार रुपये भरले, ऐकून फार वाईट वाटलं. तुमची संस्था सरकारी असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार संशोधन-नियतकालिकं जानेवारी २०२५पासून मोफत आहेत; ग्रंथपालांना विचारा. इतरांनी गूगल स्कॉलरवर (गूगलचं संशोधन-लेख शोधायचं संकेतस्थळ) लेखाखालचं 'ऑल व्हर्जन्स' उघडावं, बरेचदा लेखकानेच ठेवलेली पीडीएफ तिथे सापडते. पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं मोफत ऑनलाइन भांडार आहेच.

कळकळीची विनंती : मूळ लेख न बघता दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून नोंद उचलू नका. मी उचलली होती. नोंदीत पृष्ठ २१४, मूळ लेख १९८वरच संपलेला. मार्गदर्शकांनी माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण परत दिलं.

अडलेल्या लेखांची नावं रविवारपर्यंत इथे टाका, मिळून शोधू.